पायाचं पेडल, हाताचा दांडा

काजू फोडायचं मशीन तुमच्यापैकी कितीजणांनी जवळून पाहिलंय? कोल्हापुरात बसून आपण काजू खातो फक्त, म्हणून आधी सांगतो. टेबलावर समोरासमोर दोन पाती असतात. काजूच्या बीच्या आकाराचा खोलगट बाक असतो त्यांना. वाफवून वाळवलेली बी डाव्या हातानं पात्यांमध्ये धरायची, पायानं पेडल दाबायचं, म्हणजे पाती टरफलात रुततात. मग उजव्या हातानं दांडा ओढायचा, टरफल उकलतं आणि आतला गर सुटतो. दोन हात आणि एक पाय. टरफलात चीक असतो, तो कातडी भाजतो, म्हणून हाताला तेल नाहीतर राख लावून बायका कामाला बसतात. सिंधुदुर्गात घरोघरी हे चालतं.

आता अशा मशीनसमोर कमरेखाली संवेदनाच नसलेला माणूस बसवा.

मी टूलरूमचा माणूस. उद्यमनगरात उभी हयात जिग आणि फिक्श्चर, म्हणजे कामाची वस्तू नेमकी धरून ठेवणारी आणि हत्याराला वाट दाखवणारी साधनं, बनवण्यात गेली. अध्यक्षांनी मघाशी मला समाजसेवक म्हटलं, ते प्रेमानं म्हटलं, पण ती पदवी मी परत करतो. निवृत्तीनंतर कोकणातल्या एका छोट्या संस्थेनं बोलावलं. त्यांच्या कार्यशाळेत दिव्यांग कामगारांना काजू फोडायला बसवायचं होतं. त्या भागात हा विचार नवा नव्हता. आपल्या कोल्हापूरच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'नं, म्हणजे नसीमा हुरझूक यांच्या संस्थेनं, कुडाळ तालुक्यात मोरे इथं 'स्वप्ननगरी' उभी केली आणि तिथं काजूप्रक्रियेचं काम आणलं, हे तुम्हाला माहीत असेल. नसीमादीदी स्वतः चाकाच्या खुर्चीत. मी सांगतोय ती जागा वेगळी, पुष्कळ लहान. तिथले चालक म्हणाले, "पायाचं काम आमच्या पोरांना जमत नाही, त्यांना नुसतं गरावरची साल सोलायला बसवतो." सोलण्याला फोडण्यापेक्षा मजुरी कमी. म्हणजे माणसाचा दर ठरवला कोणी? पेडलनं.

पहिला दांडा मी घाईत केला आणि तो फसला. कल्पना सोपी होती. पेडल काढायचं, एक कॅम घालायचा, म्हणजे फिरता फिरता दुसऱ्या भागाला ढकलणारा तुकडा. दांड्याच्या पहिल्या अर्ध्या फेकीत पाती बीवर बसतील, उरलेल्या अर्ध्यात टरफल उकलेल. कागदावर झकास. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त गर दुभंगून बाहेर. पाकळी, तुकडा, कणी. काजूत सगळा पैसा अख्ख्या गरात असतो. डब्लू ३२० ही प्रत म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, डब्लू २४० म्हणजे २२० ते २४०. गर जेवढा मोठा आणि अख्खा, तेवढा भाव. पाकळी झाली की भाव घसरला. तिथं काम करणारा एक गडी, पस्तिशीतला, झाडावरून पडून पाठीचा कणा मोडलेला, तो मला म्हणाला, "काका, पायाला कळतं कधी थांबायचं ते. तुमच्या दांड्याला कळत नाही." ज्याच्या पायाला काहीच कळत नाही असा माणूस हे मला सांगत होता. पडण्याआधी त्यानं घरच्या मशीनवर पुष्कळ बी फोडली होती. बरोबर बोलला तो. मी स्प्रिंग बदलली, पात्यांना थांबा दिला, बीची मापानुसार आधी चाळणी करून घेतली आणि प्रत्येक मापाला थांबा वेगळा लावला. मग जमलं. तरी घरच्या बाईच्या सफाईची बरोबरी व्हायला काही महिने गेले.

दुसरी गोष्ट दांड्यापेक्षा महत्त्वाची होती आणि मला ती सुचलीच नव्हती. भट्टीतून आलेली गराची गरम ताटली एकानं मांडीवर घेतली. सोयीची जागा, खुर्चीत बसलेल्याला मांडी म्हणजे टेबलच. मांडी भाजली आणि त्याला पत्ता नाही. संध्याकाळी कपडे बदलताना दिसलं. अशी जखम भरायला महिने लागतात. तेव्हा खुर्च्यांना लाकडी फळी बसवली, आणि भिंतीवर एक घंटा लावली. दर वीस मिनिटांनी वाजते. वाजली की सगळे हात टेकून, अंग उचलून, बसलेल्या जागेवरचा दाब काढतात. नवख्या पाहुण्याला वाटतं प्रार्थना चाललीय. उत्पादनाचा हिशोब करताना ती मिनिटं धरावी लागतात. चालक सुरुवातीला धरत नव्हते, आमचा थोडा वाद झाला.

वेदना नसणं म्हणजे काय, हे महारोग्यांसोबत काम करणाऱ्यांना फार आधी उमगलं. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड हाताच्या शस्त्रक्रिया करत. बरे झालेल्या माणसांना त्यांनी सुतारकामाला लावलं तेव्हा दिसलं की बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस पटाशी नको इतकी घट्ट धरतो, चटका बसला तरी हात मागे घेत नाही, आणि बोट जखमांनी जातं. मग उपाय काय? मूठ जाड करा, गुळगुळीत करा, रोज संध्याकाळी हात तपासा. हे फिक्श्चरच झालं की. आनंदवनाकडे मी याच नजरेनं बघतो. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली, वरोऱ्याजवळच्या माळावर शेती आणि विहिरीपासून सुरुवात केली, पुढे हातमाग आले, पत्र्याचे डबे आले, छपाई आली. आपण त्यागाच्या गोष्टी सांगतो, त्या खऱ्याच आहेत. पण बोटं नसलेल्या माणसानं माग चालवला, तर त्या मागाच्या मुठीत कोणीतरी डोकं चालवलेलं असणार. त्या मुठीबद्दल व्याख्यानं होत नाहीत.

आमच्या धंद्यात एक जपानी शब्द सगळ्यांना पाठ आहे, पोका-योके. चूक होऊच नये अशी रचना. शिगेओ शिंगो नावाच्या इंजिनियरनं तो रूढ केला. आधी तो बाका-योके म्हणत असे. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खानं केलं तरी चुकणार नाही असं. एका कामगार स्त्रीला ते लागलं, मग त्यानं शब्द बदलला. पोका म्हणजे नुसती अनवधानानं झालेली चूक. काम तेच, माणसाकडे बघण्याची नजर वेगळी.

शब्दांवरून आठवलं. बौद्धिक दिव्यांगांच्या कार्यशाळेत गेलात तर तिथं 'मुलं' असतात. "आमची मुलं छान पिशव्या करतात." मुलं बघायला जावं तर एकाचे केस पांढरे. मलाही सवय लागली होती. अशाच एका ठिकाणी स्क्रूची पाकिटं भरायचं काम होतं, एका पाकिटात वीस. मोजताना चुकायचं. मी वीस भोकांची फळी करून दिली. भोकं भरली की फळी पाकिटात उलटी करायची. मोजायचंच नाही. ती फळी वापरणारा पहिला गृहस्थ माझ्याच वयाचा निघाला. मी त्याला "शाब्बास बाळा" म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की त्यानंतर मी त्याला अहोजाहो करतो.

आणि दुसरा शब्द 'मानधन'. मानधन मलाही मिळणार आहे आज, नारळ आणि पाकीट. ते ठीक आहे, मी तासभर बोलून घरी जाणार. पण रोज दहा ते पाच काम करणाऱ्याला मानधन का? त्याला पगार म्हणावं, पगाराची पावती द्यावी, भविष्यनिर्वाह निधी कापावा. काही ठिकाणी वर्षानुवर्षं 'प्रशिक्षण' चालू असतं आणि 'विद्यावेतन' मिळतं. पंधरा वर्षं मेणबत्ती ओतायला शिकणारा विद्यार्थी मी पाहिलाय. यात आपणच मागे आहोत असं नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या श्रम कायद्यात दिव्यांगांना किमान वेतनाहून कमी देण्याची मुभा कलम १४ (क) मध्ये लिहून ठेवली, आणि ती पुढे कित्येक दशकं टिकली. आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला, दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ टक्क्यांचं ४ झालं. चांगलं झालं. पण खेड्यातल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या माणसापर्यंत ते आरक्षण कसं पोचणार? त्याला अशीच कार्यशाळा लागते.

चालक म्हणतात, पगार द्यायला आम्ही तयार आहोत, पण आणायचा कुठून? इथं मी त्यांच्या बाजूचा आहे. दिवाळीला पणत्या, राखीपौर्णिमेला राख्या, नववर्षाला भेटकार्डं. त्या दिवसांत रात्री जागून काम, आणि एरवी हॉलमध्ये पंखे फिरतात. कंपन्या दिवाळीत पाचशे पणत्यांची ऑर्डर देतात, फोटो काढतात. पुढच्या वर्षी साहेब बदलला की ऑर्डर गेली. कार्यशाळेला बारमाही माल लागतो. कंटाळवाणा माल. वॉशर, फायली, झाडू, हार्नेस, काजू.

अमेरिकेनं कमी वेतनाचं कलम घातलं त्याच वर्षी, १९३८ मध्ये, एक शहाणपणाही केला. अंध कामगारांनी केलेले झाडू आणि फडकी केंद्र सरकारनं घ्यायची, असा कायदा. पुढे १९५२ पासून त्याच व्यवस्थेत 'स्किलक्राफ्ट'चं बॉलपेन होऊ लागलं. सरकारच्या अटी अशा, की पेननं सलग एक मैल रेघ ओढली पाहिजे, आणि उणे ४० ते १६० अंश फॅरनहाइटपर्यंत ते चाललं पाहिजे. दयेची सवलत नाही, उलट बाजारापेक्षा कडक. टपाल कार्यालयापासून लष्करापर्यंत सगळीकडे ते पेन, आणि लिहिणाऱ्यांतल्या बहुतेकांना ठाऊकही नसतं की ते अंधांच्या हातचं आहे. मला हे फार आवडतं.

उलट टोक ब्रिटनचं. १९४४ च्या कायद्यातून 'रेम्प्लॉय' ही सरकारी कंपनी निघाली. पहिला कारखाना १९४६ मध्ये वेल्समधल्या ब्रिजेंडला, खाणींत जायबंदी झालेल्यांची तिथं मोठी भरती. भरभराटीच्या काळात देशभर सुमारे दहा हजार माणसं. मग सरकारनं हिशोब मांडला: कारखान्यातल्या एका कामगारामागे वर्षाला २५,००० पौंड खर्च होतात, बाहेरच्या नोकरीत त्याला मदत द्यायला सरासरी २,९०० पुरतात. २०१२ मध्ये कारखाने बंद करायला घेतले, २०१३ पर्यंत संपवले. वेगळे कारखाने नकोत, सगळ्यांना सगळ्यांच्यात नोकरी द्या, असं काही दिव्यांग चळवळींनाही वाटत होतं. तत्त्व म्हणून मलाही पटतं. पण ज्यांचा कारखाना होता ते कामगार संपावर गेले होते, हे विसरता येत नाही. बाहेरची नोकरी खरंच वाट बघत असेल तर कुंपण काढा. आधी कुंपण काढून मग रस्ता करायला घेऊ नका.

आमच्या कोकणातल्या कार्यशाळेतला तो पस्तिशीतला गडी आता तिथं नाही. कुडाळकडच्या एका काजू कारखान्यात प्रतवारीच्या टेबलावर बसतो, पगारावर. त्याच्या दांड्यावर दुसरा बसला.

गेल्या पावसाळ्यात मी तिथं गेलो होतो. शेजारच्या वाडीतल्या एक आजी दारात उभ्या. चाळीसेक वर्षं घरी पेडल मारून गुडघे गेलेले. त्यांनी आतला दांडा बघितला होता. म्हणाल्या, "माका पण असो एक करून देशात काय? पैसे देतंय." मी म्हटलं, आजी, हे दिव्यांगांसाठी केलेलं आहे. म्हणाल्या, "मगे माझो पाय बघ."

दोन दांडे जास्तीचे केले. आजींचा अजून कुरकुरतो, त्याचा बुश बदलायचा राहिलाय.