माळ्यावरचा छोटा लॅपटॉप एकदा उघडून बघा

नमस्कार मंडळी. आज मला तुमच्याशी त्या छोट्या लॅपटॉपबद्दल बोलायचंय, ज्याला 2008-09 च्या सुमाराला सगळे नेटबुक म्हणायचे. आठवतोय ना, वहीएवढा, नऊ-दहा इंची स्क्रीन, वजन जेमतेम किलोभर, कॉलेजच्या सॅकमध्ये जेवणाच्या डब्याशेजारी आरामात मावायचा. 2007 मध्ये आसुसचा ई पीसी 701 आला, सात इंची स्क्रीन, 512 एमबी रॅम, 4 जीबी जागा, आणि मग बहुतेक सगळ्या कंपन्यांनी तसली मशीन काढली. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी असा एखादा माळ्यावर नाहीतर कपाटात जुन्या चार्जरच्या गुंत्यात पडलेला असेल. माझी कळकळीची विनंती आहे, भंगारवाल्याला देण्याआधी तो एकदा उघडून बघा. कारण आजच्या कितीतरी पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, बॅटरी आत कोंबलेली असते, आणि ह्या छोट्यांपैकी बऱ्याच मशीनमध्ये दोन खटके सरकवले की बॅटरी हातात येते, डिस्क निघते, रॅम निघते, सगळं साध्या स्क्रूवर.

आमच्याकडे असाच एक आहे, दादाने 2009 मध्ये मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, आत इंटेलचा ॲटम एन 270 प्रोसेसर. आता तो आईचा आहे. दुपारची जेवणं आटपली की ती त्याच्यावर जात्यावरच्या ओव्या टाइप करत बसते, तिच्या आईकडून आणि मावशीकडून ऐकलेल्या. काही वर्षांपूर्वी एकदा ती म्हणाली, अरे ह्याचं नेट गेलंय बघ. तेव्हा त्यात जुनी विंडोजच होती. बघतो तर वायफाय जोडलेलं, सिग्नल पूर्ण, पण साइट उघडायला गेलं की सर्टिफिकेटचा एरर. दोन संध्याकाळ मी राउटर बंद-चालू करत होतो आणि मग कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं, 1 जानेवारी 2009! साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे ती साइट खरी असल्याच्या दाखल्याला, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, आणि मशीनला वाटत होतं की ती मुदत अजून सुरूच झालेली नाही. दोष नेटचा नव्हताच, आतला घड्याळाचा सेल संपला होता, सीआर 2032, गोल नाण्यासारखा असतो तो. लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा त्याला दोन वायरी आणि छोटा प्लग लावलेला असतो म्हणून तसाच वायरवाला घ्यायचा, घरी सोल्डर करायच्या भानगडीत पडायचं नाही.

त्या सेलसाठी म्हणून मशीन उघडलं आणि मग एकेक करत सगळंच हाती घेतलं.

उघडताना घाई अजिबात नको. आधी चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डात घुसतो. त्यासाठी मी आईचा जुना मिसळणाचा डबा घेतलाय, सात वाट्या, एका वाटीत खालचे स्क्रू, एकीत डिस्कचे, एकीत पंख्याचे, चुकायचा प्रश्नच नाही. कीबोर्ड वरच्या बाजूने बारीक खटक्यांमध्ये बसवलेला असतो, तो सुटला की ओढायचा नाही, खाली रिबन असते, कागदासारखी पट्टी. तिच्या कनेक्टरवर एक बारीक कडी असते, ती नखाने उचलायची किंवा पुढे सरकवायची, मग पट्टी आपोआप सुटते. पहिल्या वेळी मी ती कडी जोर लावून तोडली आणि पुढे कितीतरी दिवस बाहेरून कीबोर्ड लावून काम करावं लागलं आईला. म्हणून सांगतोय, तिथे थांबा, टॉर्च मारा, कडी कुठल्या दिशेला हलते ते नीट बघा.

पंखा सुटला आणि कळलं मशीन एवढं का तापायचं. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधोमध धुळीचा थर बसला होता, पिंजलेल्या कापसासारखा, चिमट्याने धरला तर अख्खी पट्टी निघून आली. मऊ ब्रशने साफ करायचं, हवा मारायची असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप, असेल तर जुनी पुसून मोहरीच्या दाण्याएवढी नवी लावायची. पण काही ठिकाणी पेस्टऐवजी मऊ पॅड असतो, तो फेकून नुसती पेस्ट लावली तर मधे फट राहते, तिथे तेवढ्याच जाडीचा पॅडच हवा.

आता खर्च करायचाच असेल तर पहिला एसएसडीवर, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर करा, हे माझं ठाम मत आहे. मशीन चालू करून आई देवापुढे दिवा लावून यायची तरी जुनी हार्डडिस्क घरघरतच असायची. आता वात सारखी होईपर्यंत मशीन तयार असतं. साधी अडीच इंची सॅटा (डिस्क जोडायचा एक प्रकार), कंपनी बरी असेल तर सगळ्यात स्वस्तातली चालते, कारण आतली जुनी सॅटा महागड्या एसएसडीचा वेग वापरूच शकत नाही. रॅम त्याच्या नंतर. एन 270 च्या बहुतेक मशीनमध्ये जास्तीत जास्त 2 जीबी चालते, तीही डीडीआर 2 ह्या जुन्या पिढीची, डीडीआर 3 ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसत नाही, दाबून बसवायला जाऊ नका. दुकानदाराला जुनी काडी दाखवूनच नवी घ्या.

मग सिस्टिम. विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल 2014 मध्ये संपला, विंडोज 11 तर 32 बिटमध्ये, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी, येतच नाही, आणि एन 270 आहे 32 बिटचा. एन 450 किंवा एन 455 वाला असेल तर तुमचं नशीब चांगलं, तो 64 बिट आहे, पर्याय जास्त मिळतात. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टिम, त्यातसुद्धा डेबियन नावाच्या प्रकाराने 2025 च्या तेराव्या आवृत्तीपासून 32 बिटचा इन्स्टॉलर काढून टाकला, म्हणून मी अँटीएक्स नावाचं लिनक्स टाकलं, ते जुन्या मशीनसाठीच बनवलेलं आहे. देवनागरी फाँट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिपींसाठीची ठरलेली अक्षरमांडणी) लावून दिला की मराठी टायपिंग झकास चालतं. व्हिडिओ मात्र त्याच्याकडून मागू नका, ब्राउझरच्या दोन टॅबच्या पुढे जाऊ नका. लिहिणं, वाचणं, गाणी ऐकणं, ह्यात तो तुम्हाला कुठेच कमी पडणार नाही.

एका बाबतीत मी फार कडक आहे, बॅटरी. आत बहुतेक वेळा 18650 ह्या मापाचे नळीसारखे लिथियम सेल असतात, ते पॅक फोडून घरी बदलायचे प्रयोग कृपा करून करू नका, आग लागते. फुगलेली दिसली तर लगेच काढा, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, आणि मशीन नुसत्या ॲडॅप्टरवर चालवा. नवा ॲडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तर चालतात.

आणि एक छोटी गोष्ट, जी आईला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. ह्यातल्या बऱ्याच स्क्रीन 1024 बाय 600 च्या असतात, त्यामुळे कधी कधी विंडोचं ओके बटण खाली दडून बसतं, काही केल्या दिसत नाही. लिनक्समध्ये बहुतेक ठिकाणी आल्ट दाबून धरायचं आणि माउसने विंडो वर ओढायची, बटण दिसतं. हे तिने पाटीवर लिहावं तसं वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. त्याच पानावर खाली लिहिलंय, पेन ड्राइव्हवर प्रत, दर एकादशीला. उपास असतो, स्वयंपाक कमी असतो, तेव्हा ती ओव्यांची फाइल स्वतः कॉपी करते आणि पेन ड्राइव्ह देवघराच्या खणात ठेवते.