पडद्याच्या दोन्ही बाजू

(दृश्य : गल्लीच्या तोंडाशी ताणलेला पांढरा पडदा. वाऱ्यानं फुगतो, परत सपाट होतो.)

मी आयुष्यातला पहिला सिनेमा मागच्या बाजूनं बघितला.

गणपतीचे दिवस होते. मंडळानं गल्लीत दोन खांबांच्या मधे पडदा बांधला होता आणि पुढची जागा दिवस मावळायच्या आत पोती, चटया टाकून लोकांनी धरून ठेवली होती. आम्ही पोरं उशिरा पोचलो, म्हणून पडद्याच्या पाठीमागं रस्त्यावरच बसलो. तिथनंही चित्र स्वच्छ दिसायचं. फक्त नावं उलटी यायची आणि सगळी माणसं डावखुरी व्हायची. नायक डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं तलवार उपसायचा. किती तरी दिवस मला वाटत होतं, सिनेमातली माणसं तशीच असतात.

सिनेमा कुठला होता ते आठवत नाही. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं, शेजारच्या घरातनं येणारा मोदकांचा वास आणि रीळ बदलताना प्रोजेक्टरच्या उजेडात पडद्यावर हातांची हरणं-कुत्री करणारी मोठी पोरं, एवढं पक्कं आठवतं.

(दृश्य : शाळेची घंटा. कुलूप लागलेलं फाटक. मग बसस्टँड. एका फलाटावर कर्नाटकची बस, तिच्या शेजारी महाराष्ट्राची एसटी.)

बेळगावात सुट्टीचा सिनेमा म्हणजे काय, हे कळायचं असेल तर आधी आमच्या सुट्ट्यांचं गणित समजून घ्यायला पाहिजे. 1 नोव्हेंबर 1956 ला आमचा जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला. तेच पुढं कर्नाटक झालं. नाती मात्र जिथल्या तिथं राहिली. मामा कोल्हापूरला, आत्या पुण्याला, मावशी निपाणीला, एक काका खानापूरला. शाळांची कॅलेंडरं तेवढी वेगळी झाली. कर्नाटकात सहामाहीनंतरची मोठी सुट्टी दसऱ्याची, महाराष्ट्रात ती दिवाळीची. आमच्या परीक्षा लवकर संपायच्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मोकळे, आणि तिकडं भावंडं अजून पेपर लिहीत बसलेली. जून उजाडला की आमची शाळा चालू, त्यांची सुट्टी उरलेलीच.

दोन्हीकडच्या पोरांना एकत्र मिळायचा तो मे महिना. दसऱ्यात आम्ही दुपारी टॉकीजला जायचो, पण भावंडांशिवाय. दिवाळीला ती यायची तर आम्हाला चारच दिवस सुट्टी, त्यातले दोन किल्ला बांधण्यात जायचे. म्हणून आमच्या घरात ‘सुट्टीतला सिनेमा’ म्हटलं की तो मे महिन्यातला. वळवाचा पाऊस पडून गेलेला असायचा, परडं ओलं असायचं, जांभोटीकडनं आलेली करवंदं टोपलीत असायची आणि एका खोलीत सतरा माणसं.

(दृश्य : जुन्या टॉकीजची दर्शनी भिंत. तिकीट खिडकीची लोखंडी जाळी.)

टॉकीज भरपूर होत्या. ग्लोब, रेक्स, चित्रा, प्रकाश, हंस, स्वरूप-नर्तकी. जुन्या माणसांना आजही पत्ता सांगताना यातलं एखादं नाव लागतं. एका टॉकीजला हिंदी, दुसरीला कन्नड, तिसरीला मराठी, आणि पोस्टरं एकाच भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवलेली. आम्ही तीनही भाषा पोस्टरांवरच वाचायला शिकलो म्हटलं तरी चालेल. पण सतरा माणसांची तिकिटं काढायची म्हणजे आजोबांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. म्हणून मग व्हिडिओ.

(दृश्य : काळी कॅसेट. हातानं गोल फिरवलेलं चाक. पडद्यावर पांढरे ठिपके.)

व्हिडिओ भाड्यानं आणायचा, हा आमच्या पिढीचा सण होता. एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट. वर्गणी निघायची. सायकलच्या कॅरिअरला टीव्ही बांधून एक मुलगा आणायचा आणि एक भाऊ मागनं दोन्ही हातांनी धरून चालायचा. चित्रावर बर्फ पडायला लागला की तो मुलगा खिशातनं कोरी नोट काढून मशीनचं हेड पुसायचा. ती कला आम्ही श्वास रोखून बघायचो. मधेच करंट गेला तर कोणी उठायचं नाही. अंधारात आजी भुताची गोष्ट सांगायची, करंट आला की गोष्ट तिथंच टाकून परत सिनेमा. तिच्या त्या अर्धवट गोष्टींचं पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

तिसरी कॅसेट ठरलेली. पहिल्या दोन नव्या आणायच्या, तिसरी मात्र सगळ्यांची पाठ असलेली. कारण तिसऱ्या सिनेमाला रात्रीचे दोन वाजलेले असायचे. निम्मी पोरं झोपलेली, आई आणि काकू तांदूळ निवडायला घेऊन बसलेल्या. कोणी डोळे मिटून नुसतं ऐकायचं आणि ठरलेल्या जागी हसायचं. आमच्याकडं ती जागा बरीच वर्षं 1985 च्या ‘धूमधडाका’नं धरून ठेवली होती. महेश कोठारे, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, आणि नायिकांच्या श्रीमंत बापाच्या भूमिकेत शरद तळवलकर.

त्या रात्री शेजारच्या अक्का यायच्या. त्यांचं माहेर धारवाडचं. लग्न होऊन बेळगावात आल्या तेव्हा त्यांना मराठी अजिबात येत नव्हतं. आमच्या आजीबरोबर पापड लाटता लाटता शिकल्या. पहिल्यांदा आमच्याबरोबर ‘धूमधडाका’ बघायला बसल्या आणि कमाल झाली. विनोद व्हायच्या आधीच त्या हसायला लागल्या. गरीब पोराचा मित्र त्या पोराच्या श्रीमंत बापाचं सोंग घेऊन येणार, त्याच्या कितीतरी आधी अक्का पदर तोंडाला लावून सांगतात, “ईग नोड्री, अप्पा बर्तान!” आता बघा, बाप येतोय!

आम्ही चकित. अक्कांना कसं ठाऊक?

(दृश्य : कॅसेटची रिकामी डबी, खिडकीच्या कट्ट्यावर.)

खुलासा अक्कांनीच केला. लग्नाआधी त्यांनी धारवाडला हीच गोष्ट कन्नडमधे बघितली होती. 1979 चा ‘प्रीती माडू तमाशे नोडू’, म्हणजे प्रेम कर आणि गंमत बघ. त्यात शंकर नाग होता, श्रीनाथ होता, द्वारकीश होता. खूप पुढं मी शोधत गेले तेव्हा या गोष्टीचा सगळा प्रवास हाती लागला. मूळ सिनेमा तमिळ, 1964 चा, श्रीधर या दिग्दर्शकाचा. त्यानंच दोन वर्षांनी हिंदीत ‘प्यार किये जा’ केला, किशोरकुमार आणि मेहमूद यांना घेऊन. मग कन्नड, मग आपला मराठी. मद्रासकडनं निघालेली गोष्ट मुंबईला जाऊन, बंगळूरला जाऊन, शेवटी आमच्या माजघरात पोचली होती. आणि तिथं एका भिंतीला टेकून बसलेल्या दोन बायकांपैकी एकीला ती कन्नडमधे पाठ होती, दुसरीला मराठीत.

या एका रात्रीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. पुण्याचा माझा आतेभाऊ पहिल्यांदाच बघत होता म्हणून हसत होता. आजी विसाव्यांदा बघत होती म्हणून हसत होती. अक्का दुसऱ्याच सिनेमातलं आठवून हसत होत्या. हसू मात्र एकाच वेळी उठायचं. सुट्टीतला सिनेमा नवा असून चालत नाही, हे मला तेव्हापासून वाटतं. पुढं काय होणार या काळजीतनं सुटलेला जीवच शेजारच्या माणसाकडं बघू शकतो. मी त्या रात्री पडद्यापेक्षा अक्कांच्या तोंडाकडं जास्त बघितलं असेल. हसू यायच्या आधी त्यांच्या नथीचा मोती हलायचा.

(दृश्य : दोरीवर वाळत घातलेल्या इरकल साड्या. मागं हसण्याचे आवाज.)

पुढं ‘अशी ही बनवाबनवी’ आला, 1988 चा. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, संवाद वसंत सबनीसांचे. त्याबद्दल महाराष्ट्रात इतकं बोललं गेलंय की मी वेगळं काय सांगणार? पण आमच्या घरात तो सिनेमा एका व्याकरणावरनं आठवतो.

सीमाभागातल्या आम्ही मुली ‘मी आलो, मी जेवलो, मी येतो’ असं बोलतो. कोल्हापूरकडंही बोलतात. पुण्याचा आतेभाऊ यावर दर सुट्टीत मला चिडवायचा. ‘बनवाबनवी’त सुधीर आणि परशा साड्या नेसून बायका होतात आणि अगदी बिनचूक ‘मी आले, मी गेले’ म्हणतात. आतेभाऊ लोळून हसला. म्हणाला, “बघ, लक्ष्याला येतं आणि तुला येत नाही!” मला रडू फुटलं. मी उठून परड्यात जाऊन बसले.

माझ्यामागनं अक्का आल्या. त्या म्हणाल्या, “रडूलैस कशाला? आमच्या कन्नडात बाई पण ‘ना बंदे’ म्हणतंय, गडी पण ‘ना बंदे’ म्हणतंय. आलं ते आलं की.” खरंच आहे ते. कन्नडमधे ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांना एकच रूप आहे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. माझं बोलणं चुकीचं नाही, ते इथलं आहे, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही. धारवाडच्या बाईनं सांगितलं, मराठी सिनेमा चालू असताना, परड्यातल्या फणसाखाली.

‘बनवाबनवी’ची गोष्टही अशीच फिरलेली. तिचं बीज 1966 च्या हिंदी ‘बीवी और मकान’मधलं. मराठीतनं ती तेलुगूत गेली आणि 2003 मधे ‘ओळु सार बरी ओळु’ या नावानं कन्नडमधे आली. म्हणजे एक गोष्ट कन्नड होऊन मग मराठीत आली आणि दुसरी मराठीतनं निघून कन्नडला पोचली. तो कन्नड सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा भिंतीपलीकडनं मी अक्कांना ऐकवलं, “आता बघा, आता साडी नेसून येतोय!” अक्कांनी तिकडनं ताटली वाजवली.

(दृश्य : रात्रीची मिरवणूक. ट्रॉलीवर उभे मावळे, टेपवरचा संवाद, त्याला जुळणारे ओठ.)

मे महिन्याची गोष्ट निघाली आणि शिवजयंती सांगितली नाही तर बेळगावकर मला घरात घेणार नाहीत. आमच्याकडं ती वैशाखात, तिथीनं होते, म्हणजे बरोबर सुट्टीत. रात्रभर चित्ररथ. गल्लीतलीच पोरं अफझलखान, तीच बाजीप्रभू. संवाद आधी टेप केलेले आणि पोरांनी नुसते ओठ हलवायचे. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांनी जे शिवकालीन सिनेमे काढले, त्यांचा थाट या देखाव्यांत उतरलेला मला दिसतो. तीच उभं राहायची ढब, तीच आवाजाची फेक. पोरांनी ते सिनेमे बघितले असतील-नसतील, त्यांच्या आजोबांनी नक्की बघितलेत. हाही आमचा सुट्टीतला सिनेमाच. फक्त यात पडदा रस्त्यानं चालत येतो.

(दृश्य : ट्रॅक्टरची ट्रॉली, त्यात बसलेल्या बायका. संथ.)

आणि 1991 चा ‘माहेरची साडी’. विजय कोंडके यांचा सिनेमा, अलका कुबल नायिका. काकूचं माहेर येळ्ळूरचं. तिथनं बायका ट्रॉली भरून शहरात आल्या होत्या, आजीसुद्धा त्यांच्यात बसली. आम्हा पोरांना नेलं नाही. परत आल्यावर आजी दोन दिवस कोणाशी फार बोलली नाही. तिचं माहेर सीमेपलीकडं गेलं होतं, तिथं आता कोणी उरलं नव्हतं. कन्नडमधे माहेराला ‘तवरु’ म्हणतात. अक्कांनी आजीला विचारलं, “तवर आठवलं?” आजीनं मान हलवली. त्या सिनेमाबद्दल आमच्या घरात एवढंच बोललं गेलं.

(दृश्य : छतावरची डिश. रिमोट. मोबाईलच्या उजेडातले चेहरे.)

मग केबल आलं. 1999 मधे अल्फा मराठी सुरू झालं आणि वर्गणी काढून आणायची तिसरी कॅसेट दर रविवारी आपोआप घरात यायला लागली. तिला सतरा माणसं जमायची काही गरज उरली नाही. कितीतरी टॉकीजची दारं बंद झाली. 2004 मधे लक्ष्मीकांत बेर्डे गेले, तेव्हा आमच्या घरी चूल उशिरा पेटली. आता सिनेमा ज्याच्या त्याच्या हातात असतो आणि एका खोलीत चार जण चार सिनेमे बघतात. मला त्याचं वाईट वाटतं. ते मी लपवत नाही.

(दृश्य : गच्ची. दोन काठ्यांना बांधलेली पांढरी चादर. समोर छोटा प्रोजेक्टर.)

गेल्या मे महिन्यात सगळी परत एकत्र आली. आतेभावाची मुलगी, भाऊ, वहिन्या, कोल्हापूरची मंडळी. गच्चीवर चादर बांधली. तिसरा सिनेमा कुठला, हे कोणी विचारलं नाही. पुढची जागा भरली म्हणून दोन पोरं चादरीच्या मागं जाऊन बसली आणि तिथनं ओरडली, “इकडनं सगळी डावखुरी दिसूलैत!”

अक्कांना आता जिना चढवत नाही. दोघांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं. कानाला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज वाढवला. आतेभावाची नऊ वर्षांची मुलगी त्यांच्या पायाशी बसली. तिनं तो सिनेमा कधीच बघितला नव्हता.

बाप येण्याची वेळ जवळ आली. मी पडद्याकडं बघतच नव्हते. अक्कांच्या नथीचा मोती हलला.

“ईग नोड्री...”

“अक्का, सांगू नको की!” पोरगी ओरडली.