आजींचं एसटीचं तिकीट

श्रोतेहो, नमस्कार. तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. 'वाचक कमी झाले' असं सगळीकडे ऐकतो. श्रोतेहो, वाचक कमी झाले नाहीत, वाचकाची गरज बदलली. गरज बदलली.

आमच्याकडे एक आजी दर गुरुवारी शेजारच्या गावाहून एसटीनं येतात. कादंबरी नेतात, खूण म्हणून आत एसटीचं तिकीट घालतात. एकदा परत आलेल्या पुस्तकात तिकीट बाराव्या पानावर दिसलं. पुढच्या पुस्तकात नवव्या, त्यापुढच्यात सहाव्या. मी विचारलं, "आजी, पुस्तकं आवडत नाहीत का?"

टेबलाच्या कडेला हात टेकून म्हणाल्या, "आवडतात रे. पण अक्षरं पळतात आता. इथलं येणं मात्र सुटत नाही."

मागे पोलीस भरतीचा अभ्यास करणारी एक मुलगी बसली होती. ती दिवसभर बसते, आमचं एकही पुस्तक नेत नाही. क्लासच्या वह्या, पाण्याची बाटली, मोबाईलचा चार्जर. अशा मुलांना 'हे कसले वाचक' म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तीच उठली. "आजी, मी वाचू? तेवढीच माझी मान मोकळी होईल."

दोन प्रकरणं वाचली तिनं. पेपर चाळणारे तिघे काका खुर्च्या ओढून जवळ आले. तेव्हापासून दर गुरुवारी साडेचारला वाचन असतं. खर्च काही नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. पाचवं सूत्र, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वाढायचं म्हणजे नुसती कपाटं वाढवायची नाहीत. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवा, टेबलाजवळ प्लग द्या, ठळक अक्षरांची पुस्तकं घ्या, पुस्तक आहे की नाही हे व्हॉट्सॲपवर कळवा. 'ड' वर्गातल्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात लहान असलेल्या वाचनालयालाही यातलं बरंचसं जमेल. आणि हो, पुस्तकांना खाकी कव्हरं घालणं थांबवा! मुखपृष्ठ झाकलं, की मुलं पुस्तक हातातच घेत नाहीत.

सध्या त्या मुलीची मैदानी चाचणीची तयारी चालू आहे, म्हणून गुरुवारी दुसरा एक मुलगा वाचतो. तो भरभर वाचतो. आजी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणतात, "हळू रे बाळा, गाडी सहाला आहे."