पॅपचा रिपोर्ट हाती आल्यावर

मैत्रिणींनो, रिपोर्टचा कागद उघडला की नजर आधी 'अ‍ॅब्नॉर्मल' या शब्दावर पडते आणि तिथेच अडकते. पुढची ओळ वाचायची राहून जाते. आज त्या पुढच्या ओळीबद्दलच बोलू, कारण आता काय करायचं आणि किती दिवसांत, हे तिच्यावरून ठरतं.

पॅपमध्ये पिशवीच्या तोंडावरच्या, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या, सुट्या पेशी ब्रशने खरवडून तपासतात. सुट्या पेशींवरून संशय घेता येतो. निदान करायला तिथला छोटा तुकडा काढून तपासावा लागतो (बायोप्सी). त्यामुळे नुसत्या पॅपवरून 'तुम्हाला कॅन्सर आहे' असंही कुणी म्हणू नये आणि 'पिशवी काढून टाका' असंही.

आता शब्द घेऊ. 'अनसॅटिस्फॅक्टरी' म्हणजे नमुना नीट आला नाही, रक्त किंवा पू फार होता किंवा पेशी कमी होत्या. दोन ते चार महिन्यांत पुन्हा द्यायचा. 'इन्फ्लमेटरी' म्हणजे सूज. अंगावरून जाणं, खाज, वास अशी तक्रार नसेल तर दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स घ्यायची गरज नसते. 'आस्कस' म्हणजे पेशी जराशा वेगळ्या दिसतात, पण का ते सांगता येत नाही. इथे एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची, चाचणी उपयोगी पडते. ती निगेटिव्ह आली तर घाई नाही, पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख तपासणं. चाचणीची सोय नसेल तर वर्षाने पुन्हा पॅप. 'एलएसआयएल' हा सौम्य बदल, बहुतेकदा कॉल्पोस्कोपी सांगतात.

'एचएसआयएल' (मोठा बदल) किंवा 'एएससी-एच' (मोठ्या बदलाची शंका) असेल तर मात्र काही आठवड्यांतच कॉल्पोस्कोपी झाली पाहिजे. इथे एक चूक नेहमी होते: 'परत एकदा पॅप करून बघू.' दुसरा पॅप नॉर्मल आला तरी पहिला खोटा ठरत नाही. ब्रश त्या जागी लागलाच नसेल, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आणि आपल्याकडे चवथ झाली की बघू, मग दसरा, मग दिवाळी, मग गावची जत्रा. आस्कसला हे चालून जाईल, एचएसआयएलला नाही. 'एजीसी' हा शब्द क्वचित दिसतो. त्यात संशय आतल्या ग्रंथींच्या पेशींवर असतो, म्हणून कॉल्पोस्कोपीबरोबर मुखाच्या आतल्या नळीचा नमुना घेतात आणि वय पस्तिसाच्या पुढे असेल तर पिशवीच्या अस्तराचाही.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आला की घरात दुसरीच आग लागते: 'हे आलं कुणाकडून?' याचं उत्तर रिपोर्टवरून मिळत नाही. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून नवऱ्याने किंवा बायकोने आत्ता काही केलं, असं त्यातून सिद्ध होत नाही. दहापैकी जवळपास नऊ जणींच्या शरीरातून हा विषाणू दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. टिकून राहतो तिथे लक्ष ठेवायचं. १६ आणि १८ हे प्रकार जास्त धोक्याचे. गर्भाशयमुखाचे सुमारे सत्तर टक्के कॅन्सर या दोघांमुळे होतात, म्हणून ते सापडले तर पॅप नॉर्मल असला तरी कॉल्पोस्कोपी करतात.

कॉल्पोस्कोपीची भीती नावाचीच जास्त. दुर्बीण आत जात नाही, फूटभर लांब उभी असते. आत जातं ते पॅपच्या वेळचंच स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी ठेवायचं साधन. पाळी चालू नसताना जायचं. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायच्या गोळ्या नकोत, आतून धुणं नको. उपाशी जाऊ नका, चक्कर येते. सोमवार असेल तर त्या दिवसापुरता सोडा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगा. गरोदरपणात कॉल्पोस्कोपी करता येते, पण तुकडा फक्त मोठी शंका असेल तरच घेतात.

आत काय करतात? कापसाने तीन ते पाच टक्क्यांचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात, जवळजवळ आपल्या स्वयंपाकातल्या व्हिनेगरएवढंच कडक. थोडं चुरचुरतं. मिनिटभर थांबलं की बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते. मग आयोडीन लावतात. निरोगी पेशींत ग्लायकोजेन असतं, त्या गडद तपकिरी होतात, बिघडलेली जागा पिवळसर राहते. तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. चिमटा बसतो त्या क्षणी डॉक्टर खोकायला सांगतील तर खोका, दुखणं कमी जाणवतं. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं.

घरी आल्यावर दोन-चार दिवस पॅडवर काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडेल. रक्त थांबवायला लावलेल्या औषधाचा तो रंग, घाबरू नका. आठवडाभर संबंध नको, समुद्रात किंवा तळीत उतरणं नको. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, शंभर-साडेशंभरच्या वर ताप आला किंवा घाण वास येऊ लागला तर मात्र लगेच दाखवा.

पाळी गेलेल्या बायकांत, पेशी बिघडायला जिथे सुरुवात होते ती जागा मुखाच्या नळीत आत सरकते आणि दुर्बिणीला दिसत नाही. त्यातच तिथली त्वचा कोरडी होऊन पॅप उगाच वाईट येतो. डॉक्टर काही आठवडे इस्ट्रोजेनचं क्रीम देऊन पुन्हा तपासतील. तो वेळकाढूपणा नव्हे.

तुकड्याच्या रिपोर्टवर सीआयएन (कॅन्सरच्या आधीचा पेशींतला बदल) १, २ किंवा ३ येतं. एकवर सहसा फक्त लक्ष ठेवतात, बहुतेक जणींचं ते आपोआप जातं. दोनला वय आणि पुढचं बाळंतपण पाहून ठरवतात. तीनला उपचार हवाच. तसंच सोडलं तर तीस वर्षांत शंभरातल्या सुमारे तीस जणींना कॅन्सर होतो. उपचार म्हणजे बहुधा लीप: जागा बधिर करून तारेच्या गोल फासाने ती पापुद्र्यासारखी काढतात. नंतर चार ते सहा आठवडे जपायचं आणि सहा महिन्यांनी एचपीव्ही चाचणी.

पिशवी काढण्याबद्दल पुन्हा सांगते. तुकडा न तपासता पिशवी काढली आणि मग आत कॅन्सर निघाला, तर झालेलं ऑपरेशन अपुरं ठरतं आणि पुढचे उपचार अवघड होतात. 'मुलं झाली, आता काय उपयोग' हे पिशवी काढायचं कारण नव्हे. आणि सीआयएनसाठी पिशवी काढली तरी तपासण्या संपत नाहीत. योनीच्या वरच्या टोकाचे नमुने अनेक वर्षं घ्यावे लागतात.

बांबोळीला (गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) किंवा दुसऱ्या मतासाठी कुठेही जाताना नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅबकडून काचेची स्लाइड आणि तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, म्हणजे तोच तुकडा पुन्हा तपासता येतो. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. नोंदणीच्या वेळी मोबाइल नंबर स्वतःचा द्या, नवऱ्याचा किंवा मुलाचा नको. रिपोर्ट आल्याचा फोन त्याच नंबरवर येतो.