सतरंजी घालणारी माणसं

[ठाणे स्टेशन, नऊ नंबर प्लॅटफॉर्म. शनिवार सकाळ.]

सोमवार ते शुक्रवार या प्लॅटफॉर्मवर उभं राहायला जागा मिळत नाही. ट्रान्स-हार्बरची, नवी मुंबईकडे जाणारी गाडी लागली की ऐरोली, रबाळे, घणसोलीला जाणारी आयटी मंडळी एका दमात आत घुसते. आज शनिवार, आज खिडकीसुद्धा मिळतेय. तरी पाठीला लॅपटॉपची सॅक लावलेले दहा-बारा जण या डब्यात आहेत. ऑफिसला सुट्टी आहे. हे सगळे मीटअपला, म्हणजे प्रोग्रामर मंडळींच्या मेळाव्याला निघालेत, आणि त्यांच्यात मीही आहे.

माझं काम डेव्हलपर रिलेशन्सचं. आमच्या बोलण्यात नुसतं डेवरेल. आईला मी असं समजावलं होतं: कंपनी जे सॉफ्टवेअर बनवते ते वापरून बाहेरचे प्रोग्रामर आपापलं सॉफ्टवेअर बनवतात; ते कुठे अडले तर त्यांना वाट दाखवायची आणि त्यांचं गाऱ्हाणं कंपनीच्या कानावर घालायचं. आई म्हणाली, "म्हणजे तू दोन्हीकडची." मला अजून यापेक्षा चांगली व्याख्या मिळालेली नाही.

हे काम नवं नाही. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला तेव्हा त्याच्यावर चालणारं सॉफ्टवेअर अगदीच थोडं होतं. बाहेरच्या कंपन्यांनी ते लिहावं म्हणून माईक बॉइच, गाय कावासाकी यांच्यासारखी माणसं त्यांना पटवत फिरली. त्यांना 'इव्हँजेलिस्ट' म्हणत, म्हणजे धर्मप्रचारक. आता बऱ्याच ठिकाणी 'डेव्हलपर ॲडव्होकेट' म्हणतात, आणि हा बदल मला मनापासून आवडतो. वकिलाला आधी अशिलाचं ऐकून घ्यावं लागतं.

[ऐरोली. आयटी पार्कचं गेट.]

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या या पट्ट्यात पूर्वी रासायनिक कारखाने होते, आता आयटी पार्क आणि डेटा सेंटर उभी राहिलीत. मीटअपची खरी सुरुवात इथे होते, सिक्युरिटीच्या टेबलाशी. वहीत नाव, मोबाइल नंबर, कुठून आलात, आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर. तो लॅपटॉपच्या पोटावर इतक्या बारीक छापलेला असतो की मोबाइलचा टॉर्च लावून वाचावा लागतो. पहिल्यांदा आलेला मुलगा इथेच बावरतो. हातात उलटा धरलेला लॅपटॉप, मागे रांग, आणि समोरून प्रश्न, "कोणाकडे जायचंय?" त्याला कोणाचंच नाव माहीत नसतं. म्हणून आमच्यातलं कोणीतरी शेवटचा माणूस आत येईपर्यंत गेटवर थांबतं. गेटवर थांबणाऱ्याचं पहिलं भाषण दर वेळी बुडतं.

'सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता' असं आपल्याकडे बहुतेकदा कीव करून म्हणतात. मी कळव्यात वाढले. गणपतीचे दहा दिवस कसे पार पडतात ते गल्लीतल्या मंडळात जवळून पाहिलंय. पावत्या फाडणारा, रात्री मंडपात झोपणारा, प्रसादाची पातेली घासून पालथी घालणारा, हे होते म्हणून मंडळ होतं. ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. तेही इतकी वर्षं कोणीतरी रोज कुलूप उघडलं, पुस्तकांना नंबर घातले, कपाटं पुसली म्हणूनच चाललं. आमच्याकडे एक जण आठवणीने एक्स्टेन्शन बोर्ड आणतो. एक जण कोपऱ्यात एकट्या बसलेल्याच्या शेजारी जाऊन बसते. वक्ते शोधले की मिळतात. ही माणसं जपावी लागतात.

[हॉल. रांगेत लावलेल्या खुर्च्या, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड.]

अशाच एका हॉलमधली गोष्ट. कल्याणहून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा आला होता. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिचं एक टूल आम्ही सगळ्यांकडून इन्स्टॉल करून घेत होतो. आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे टूल कसं वापरायचं ते सांगणाऱ्या पानांवर, लिहिलं होतं, पाच मिनिटांत सुरू करा. त्याची चाळीस मिनिटं गेली. मी दोनदा "एनी क्वेश्चन्स?" म्हणाले, त्याने मान वर केली नाही. शेवटी खुर्ची ओढून शेजारी बसले. "काय रे, कुठे अडलंय?" मराठी कानावर पडल्यावर त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मॅडम, सगळं केलं. तरी म्हणतंय कमांड सापडत नाही."

त्याने खरंच सगळं केलं होतं. विंडोजमध्ये टूल कुठे ठेवलंय तो पत्ता 'पाथ' नावाच्या यादीत घालावा लागतो, तो त्याने अचूक घातला होता. पण टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायची, खिडकी आधीपासून उघडी होती, आणि उघडी खिडकी जुनीच यादी धरून बसते. बंद करून नवी उघडली तरच बदल कळतो. त्याने बंद केली, उघडली, टूल चाललं. डॉक्युमेंटेशनमध्ये ही ओळच नव्हती. ते लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांकडे मॅक होते आणि तिथे ही पायरी लागलीच नव्हती.

सोमवारी मी ती ओळ लिहून पाठवली: पाथ बदलल्यावर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. कंपनीत मला विचारलं गेलं, नोंदणी किती, हजर किती, साइन-अप किती. या ओळीसाठी रकाना नव्हता. ती पानावर यावी म्हणून मी तीन आठवडे पाठपुरावा केला. त्या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं काम तेच, असं मी आजही म्हणेन. चूक आमची होती आणि तो मुलगा चाळीस मिनिटं स्वतःला कमी समजत होता. घरी एकटे बसून, कोणालाही न विचारता, आमचं पान बंद करून गेलेले किती असतील, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

आकडे नकोत असं नाही. हॉल केवढा घ्यायचा आणि वडापाव किती सांगायचे हे आकड्यांवरच ठरतं. पण आकड्यालाच बक्षीस लावलं की काय होतं ते २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये दिसलं. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीने २०१४ साली हा उपक्रम सुरू केला. तेव्हा नियम असा होता: ऑक्टोबर महिन्यात ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रकल्पांना ठरावीक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या सूचना, पाठवायच्या आणि टी-शर्ट मिळवायचा. त्या वर्षी एखादाच शब्द इकडचा तिकडे केलेल्या पुल रिक्वेस्टांचा पूर आला. प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर, त्यातले कित्येक बिनपगारी, तो उपसत बसले. पहिल्याच आठवड्यात आयोजकांनी नियम बदलला: जे प्रकल्प स्वतःहून हो म्हणतील तेवढेच धरायचे.

आमच्याकडे टी-शर्ट नाही. नव्याने आलेल्याला आम्ही एकच सांगतो, जिथे अडलास ती जागा जशीच्या तशी लिहून ठेव.

[संध्याकाळ. ऐरोली स्टेशनचा बाक.]

खुर्च्या एकात एक रचल्या, चावी सिक्युरिटीकडे दिली आणि आम्ही स्टेशनवर आलो. तुर्भ्याला राहणारी एक मुलगी दिवसभर गप्प होती. तिने आता बाकावर लॅपटॉप उघडला. तिने स्टेशनांचं छोटं ॲप केलंय, मराठीत. नाव लांब असेल तर आठ अक्षरांवर कापायचं, असा कोड लिहिलाय. स्क्रीनवर दिसतंय, 'कोपरखैरण'.

"ताई, यात अक्षरं सहाच आहेत. मग शेवटची मात्रा का गेली?"

ती बोटांवर मोजून दाखवते. को, प, र, खै, र, णे. कॉम्प्युटर मात्र नऊ मोजतो, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, काना-मात्रा वेगळं चिन्ह म्हणून येते. 'को' म्हणजे दोन. आठवर कापलं की 'णे'ची मात्रा नववी, ती गळते. आपल्याला दिसतात तशी अक्षरं वेगळी करायला जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'इंटल डॉट सेगमेंटर' आहे. मी नाव तेवढं सांगितलं. कोड तिनेच लिहिला.

पनवेलची गाडी आली.

"ताई, माझी गाडी. सोडू का?"

"सोड. मागून दुसरी आहे."

माझी ठाण्याची गाडीही समोरून गेली. तोवर स्क्रीनवर अख्खं नाव उमटलं, कोपरखैरणे. तिने ते दोनदा वाचलं आणि कर्सर पुढच्या ओळीवर नेला.

"आता 'तुर्भे' बघू. यात रफार आहे."