एक माळ विकायची नाही

(पहाट. शेतावर विरळ धुकं. वाकलेल्या बायका. मातीतून सुटणाऱ्या मुळांचा आवाज.)

अलिबाग तालुका. खंडाळ्याकडचं शिवार, मार्चचा पहिला आठवडा. पावसाळ्यात या खाचरांत भात होतं. भात निघालं की त्याच जमिनीत कांदा. पांढरा कांदा.

पातीकडे बघा. निम्म्याहून जास्त कांद्यांनी मान टाकली आहे. म्हणजे पातीतलं जे खाली उतरायचं होतं ते उतरलं. दहा-बारा दिवसांपूर्वीच पाणी तोडलंय. मान, म्हणजे पात कांद्याला जुळते ती जागा, ओली राहिली तर सड तिथूनच आत शिरते.

आणि पांढऱ्या कांद्याला सडीची धास्ती जास्त. लाल-पिवळ्या कांद्याच्या सालीत रंगासोबत अशी काही द्रव्यं असतात, जी बुरशीला अडवतात. पांढऱ्या सालीत ती जवळपास नसतात. हा कांदा टिकतो तो केवळ वाळवणाऱ्याच्या हातावर.

(उपटलेल्या कांद्यांच्या ओळी, वरून.)

ही मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यांवर. कौलं घालावीत तशी. ऊन पातीनं खायचं, कांद्यानं नाही. थेट उन्हात पडलेला कांदा एका बाजूनं भाजतो, मऊ पडतो. चार दिवस तो असाच शेतात राहील, मग पडवीत सावलीला. मान चिमटीत धरली की करकरली पाहिजे.

(चूल. परडीत कांदे. आजींचे हात.)

शेतातून पहिली परडी घरात येते ती टाकाऊची. जोडकांदा, डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा आलेला, खुरप्याचा घाव बसलेला, सुपारीएवढी चिंगळी. यातलं काहीच टिकणार नाही, म्हणून ते आधी खायचं. उशिरा लावलेल्या वाफ्यात पात अजून कोवळी आहे. ती बारीक चिरून, लसणाची फोडणी, वरून डाळीचं पीठ पेरलं की झाली भाजी. सुकट भाजलेली आहेच. आणि तांदळाच्या भाकरीवर बुक्कीनं फोडलेला कांदा. सुरी लावली की चव जाते, असं आजींचं म्हणणं. आम्ही दोन्ही खाऊन पाहिले. आजी बरोबर होत्या, किंवा आम्हाला भूक लागली होती.

(कांद्याच्या पाकळ्या, जवळून.)

डोळ्यांत पाणी येत नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. कांद्याचा तिखटपणा गंधकाच्या संयुगांचा असतो. इथल्या मातीत गंधक कमी, म्हणून कांदा गोडसर.

(कौलारू घराशेजारची गच्ची. जुन्या लुगड्यावर पसरलेल्या चकत्या.)

उरलेल्या टाकाऊचं वाळवण. पातळ चकत्या, किंचित मीठ, तीन-चार कडक उन्हं. संध्याकाळी गुंडाळून घरात, सकाळी पुन्हा वर, कारण खाडीकडची हवा रात्रीतून सगळं मऊ करते. दहा किलोच्या चकत्या वाळल्या की सव्वा किलोच्या आसपास भरतात. बाकी सगळं पाणी होतं. आषाढात बाजार महाग झाला की या चकत्या थोड्या तेलात परतायच्या, सुक्या खोबऱ्याबरोबर वाटायच्या. सोड्यांच्या कालवणाला हेच वाटण. गुजरातेत महुव्याला आणि आपल्याकडे जळगावला हेच काम कारखान्यांत होतं, तिथंही पांढराच कांदा लागतो, भुकटीला रंग येऊ नये म्हणून. पण आजींच्या चकत्या उन्हानं तांबूस होतातच. त्या कोणाला विकायच्या नाहीत.

(पहाट. पडवी. चार बायका. माळ गुंफणारी बोटं. इथे अर्धा मिनिट निवेदन नाही.)

माळ पहाटे गुंफतात, कारण वाळकी पात दवानं नरम पडलेली असते. उन्हं चढली की ती बोटांत मोडते. तीन पेडांची वेणी, प्रत्येक वळणाला एक नवा कांदा आत. मोठे खाली, लहान वर. दोरा नाही, सुतळी नाही. कांद्याची पात हाच दोरा. गुंफताना गप्पा चालू असतात, कांद्याकडे कोणी बघत नाही.

(वडखळ–अलिबाग रस्ता. मांडवांवर टांगलेल्या माळा. थांबलेल्या गाड्या.)

पोयनाडच्या आसपास गाडी थांबवून माळ घेतली नसेल असा मुंबईकर विरळा. माळ उलटीसुलटी करून बघायची, भाव करायचा, डिकीत टाकायची. बाहेरचा पांढरा कांदाही ‘अलिबागचा’ म्हणून याच रस्त्यावर खपतो. 2019 साली कृषी विभाग आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं भौगोलिक मानांकनासाठी, म्हणजे इथलं नाव इथल्याच कांद्याला राहावं म्हणून, अर्ज केला, 2021 मध्ये तो मंजूर झाला. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरमधली नोंद तेव्हा कामी आली. त्यामुळे नाव कागदावर तरी राखलं गेलं.

बियाणं मात्र कागदावर राहत नाही. ते बघायला परत घरी जाऊ.

(माजघर. आढ्याखालच्या वाशाला एकच माळ. खालून घेतलेलं दृश्य.)

ही माळ विकायची नाही. तिच्यातला एकेक कांदा आजींनी ढिगातून वेचला आहे. चपटा-गोल, बारीक मानेचा, एकाच डोळ्याचा, म्हणजे आत एकच कोंब असलेला. कांद्याला बी धरायला दोन हंगाम लागतात. पहिल्या वर्षी बियातून कांदा, दुसऱ्या वर्षी तोच कांदा पुन्हा लावला की बी. मधे आपला कोकणातला पावसाळा. चार महिने भिंतींना ओल सुटते, आणि या माळेला तेवढे दिवस चुलीच्या धुराच्या वाटेवर कोरडं राहायचं असतं. शेतातली ती कौलासारखी मांडणी, ती करकरणारी मान, सगळं याच्यासाठी. विकायच्या माळेला इतका जीव कोणी लावला नसता.

(शेताचा कोपरा. पांढरे गोंडे. मधमाश्या. जवळून, सावकाश.)

हे गोंडे मागच्या वर्षीच्या तशाच माळेतले. एका गोंड्यात शेकडो फुलं. मधमाशी इथलं परागकण तिकडे नेते, म्हणून आसपास लाल कांदा फुलावर आलेला चालत नाही. एका हंगामात जात बिघडते. पूर्वी सगळं शिवारच पांढऱ्याचं होतं, तेव्हा ही काळजी नव्हती. मागे दिसते ती कुंपणाची भिंत. तिथली शेतं बंगल्यांसाठी विकली गेली. बियाण्याची घरं कमी झाली.

बरं, एकदाच भरपूर बी करून ठेवावं, तर तेही नाही. कांद्याचं बी वर्षभरात मरगळतं, पुढच्या साली निम्मंही उगवेल याची खात्री नसते. वांग्या-टोमॅटोचं बी दोन-तीन वर्षं चालतं, याचं नाही. दर वर्षी माळ राखायची, दर वर्षी गोंडे धरायचे. एक वर्ष चुकलं की शेजारी मागायला जायचं.

(ओटी. वाळलेले गोंडे चोळणारे तळवे. सूप. काळं बी.)

गोंडे तळव्यांत चोळायचे आणि सुपानं पाखडायचं. हलकं फोल उडतं, भरलेलं बी मागे राहतं. काळं, तीन कोनांचं, पांढऱ्या कांद्याचं बी. आजी वाटीभर पाण्यात चिमूटभर टाकून बघतात. तरंगलेलं निघून जातं.

आम्ही विचारलं, यातलं थोडं आम्हाला द्याल का?

"लावणार कुठं?" आजी म्हणाल्या.

(फडक्याची पुरचुंडी. मडक्यातली चाळलेली राख. मडक्यावर झाकण.)

पुरचुंडी कोरड्या राखेत गेली. भात कापून झालं की मडकं उघडेल.