नानांची ट्रायल

नमस्कार श्रोतेहो.

दोन-दोन, तीन-तीन वर्षं घरी बसलेल्या माणसाला कामाला लावायचं काम सरकारने खासगी ठेकेदाराकडे द्यावं का? माझं मत आधीच सांगते. द्यावं. पण माणूस कामावर लागला म्हणून पैसे देऊ नयेत, टिकला म्हणून द्यावेत. पुन्हा सांगते, टिकला तर पैसे.

ब्रिटनने २०११ साली असंच केलं. माणूस तीन किंवा सहा महिने कामावर राहिला की ठेकेदाराला रक्कम, पुढे टिकेल तसे हप्ते. सर्वांत अवघड गटातल्या एका माणसामागे तेरा हजार पौंडांहून जास्त मिळू शकत होते. तरीही ठेकेदारांनी वरवरची साय काढून घेतली. पटकन लागतील अशांकडे लक्ष दिलं आणि आजारी, थकलेल्या माणसांची नावं नुसती कागदावर ठेवली. म्हणजे नुसती टिकण्याची अट पुरत नाही. आपल्याकडे १९५९ च्या कायद्याने कंपन्यांना रिकाम्या जागा रोजगार केंद्राला कळवाव्या लागायच्या, पण माणूस तिथूनच घ्या अशी सक्ती नव्हती. कळवलं, संपलं.

आता आमच्या शेजारच्या नानांचं ऐका. नाशिकला सिडकोत आमच्या भिंतीला भिंत. सातपूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर. कारखाना बंद पडला आणि नाना तीन वर्षं घरी. वय एकोणपन्नास. एका एजन्सीने नोंदणीचे पैसे घेतले, अंबडला दोनदा ट्रायलला पाठवलं. दोन्ही वेळा माप चुकलं, जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, रिजेक्ट. मग एजन्सीने फोन उचलणंच बंद केलं. नाना म्हणायचे, "ताई, माझा हात गेला."

एके दुपारी माझ्या आईने त्यांच्या हातात सुई-दोरा दिला. "नाना, एवढं ओवून द्या हो." (शाळेत मुलग्यांनाही बटण लावायला शिकवलंच पाहिजे, हे मी गेली कित्येक वर्षं सांगतेय. आमच्या घरातल्या एकालाही येत नाही.) नानांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, पिळलं, सुई उजेडाकडे धरली. एकदा चुकलं. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी सुई हळूहळू लांब नेली, पार हात ताठ होईपर्यंत. आई म्हणाली, "अहो नाना, तुम्हाला चाळिशी लागलीय!"

नाना गप्प बसले. व्हर्निअरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीवर, ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप वाचावं लागतं. त्या बारीक रेघा त्यांना एकमेकींत मिसळलेल्या दिसत होत्या, आणि सांगायची लाज वाटत होती. हात गेला नव्हता, श्रोतेहो. जवळचं दिसत नव्हतं. आणि माप का चुकलं, हे त्यांना एजन्सीतल्या एकानेही विचारलं नव्हतं.

म्हणून म्हणते, ठेकेदाराच्या करारात दोन गोष्टी हव्यात. टिकला तर पैसे, ही एक. आणि नापास झालेल्या माणसासमोर बसून "काय अडलं?" हे विचारायचं, त्याची नोंद सरकारला दाखवायची, ही दुसरी. ती नोंद नसेल तर पहिला रुपयाही सोडू नये.

नानांनी चष्मा घेतला, स्वतःच चौकशी करून अंबडच्या एका लहान वर्कशॉपमध्ये ट्रायल दिली. पहिलाच जॉब मापात आला. त्याला सव्वा वर्ष झालं. आता दर रविवारी ते आईच्या पाच-सहा सुया ओवून उशीत टोचून ठेवतात.